पोटाची गोधडी

ताईच्या बाळासाठी गोधडी शिवायची ठरली आणि आमच्या घरात पहिलं भांडण झालं ते हत्तीच्या पोटावरून. हत्तीला पोट असणार हे सगळ्यांना मान्य होतं. ते कापसानं भरायचं हेही मान्य होतं. प्रश्न एवढाच होता, की नुसत्या कापसावर हत्तीचं भागेल का. आत्याचं म्हणणं, भागणार नाही. दादांचं म्हणणं, हत्ती कापडाचा आहे. या दोन म्हणण्यांच्या मध्ये आमचं दोन खोल्यांचं घर महिनाभर दणाणत राहिलं. त्या महिन्यात मी जेवढी हसले तेवढी पुढे कधी हसले असेन असं मला वाटत नाही, आणि मी काही कमी हसणारी बाई नाही. माझ्या लग्नातसुद्धा भटजी नसताना, शांतपणे बुद्धवंदना चालू असताना मला हसू फुटलं होतं आणि आईनं मागून चिमटा काढला होता.

सोलापूरच्या भवानी पेठेत आमच्या बोळाच्या दोन्ही अंगांना माग होते. सकाळी ते सुरू झाले की फळीवरच्या ताटल्या थरथरायला लागायच्या आणि संध्याकाळी भोंगा होईपर्यंत थरथरत राहायच्या. त्या खडखडाटात वाढल्यामुळे आमच्याकडे कुणालाच हळू बोलता येत नाही. माझी सून आजही म्हणते, "आई, पुण्याला फोन कशाला लावता? खिडकीत उभ्या राहून बोला, पोचेल." दादा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग ताळ्यावर आणणारे. त्यांच्या अंगाला मागाच्या तेलाचा वास यायचा आणि आईच्या हाताला शेंगाच्या चटणीचा. आई चटणी कुटायला बसली की मुसळ आणि माग एका लयीत यायचे, आणि ती स्वतःच्या नकळत मान डोलवायची. आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण, धुरपदा. तिचे यजमान वारल्यावर ती आमच्याकडे आली ती एक ट्रंक, एक कात्री आणि भरपूर मतं घेऊन. ट्रंक कॉटखाली मावली. मतं कुठंच मावली नाहीत.

गोधड्या आमच्याकडे घरोघर व्हायच्या. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, चारी बाजूंनी धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत यायचं, झाली गोधडी. आत्यालाही ती यायची, पण तिचा जीव रमायचा तो दुसऱ्याच एका प्रकारात. तिला ती 'पोटाची गोधडी' म्हणायची. तरुणपणी ती एका मिशनच्या बंगल्यात मुलं सांभाळायला होती. तिथल्या मडमेच्या पलंगावर एक पांढराशुभ्र पलंगपोस होता. त्यावर द्राक्षांचे घड होते, पण विणलेले नव्हेत आणि रंगवलेलेही नव्हेत. पांढऱ्यावर पांढरेच, नुसते फुगून वर आलेले. आत्यानं आधी एक द्राक्ष बोटानं दाबून बघितलं. मग मडम बाहेर गेल्यावर अख्खा पलंगपोस उलटा केला आणि मागची बाजू बघितली. तिथं तिला सगळं कळलं. हे सांगताना ती कालच घडल्यासारखे डोळे मोठे करायची आणि म्हणायची, "वरनं समदेच ग्वाड दिसत्यात. उलटं करून बगावं."

मध्यंतरी माझ्या नातीनं फोनवर शोधून मला दाखवलं, की ही कला इटलीची. तिकडे कितीतरी शतकांपूर्वी लोकांनी अशा रजयांवर घोडेस्वार आणि जहाजं फुगवली, मग फ्रान्सच्या दक्षिणेला बायकांनी त्यात फुलं-पानं भरली, आणि तिथून ती बोटीत बसून जगभर गेली. फोटो बघताना मी म्हटलं, "थांब, हे मोठं कर." तिनं दोन बोटांनी मोठं केलं, आणि मला मागच्या कापडाचे सरकवलेले धागे दिसले. अगदी आत्याच्या हातचे वाटावेत असे! मला इतका आनंद झाला की मी नातीच्या पाठीत धपाटा घातला. आत्या असती तर म्हणाली असती, इटलीवाल्यांना कुनी शिकवलं ते इचार.

आता ताईचं सांगते, कारण सगळं तिच्यासाठी चाललं होतं. ताई नर्सिंग शिकत होती. तिचं एकच वर्ष राहिलं होतं. मध्येच चांगलं स्थळ आलं, लग्न झालं, आणि दाजींनी शिक्षण पुरं करू द्यायचं कबूल केलं होतं, पण त्याच्या आधी बाळ आलं. बाळंतपणाला ती आमच्याकडे आली आणि आता प्रश्न असा होता, की वर्षभर बाळ आमच्याजवळ ठेवून तिला वसतिगृहात परत जाता येईल का. दाजींची ना नव्हती. पण दाजींच्या घरात दाजींच्या हो-नाहीला विचारतं कोण? तिथं सत्यव्वाचं चालायचं. सत्यव्वा म्हणजे ताईची सासू. अक्कलकोटच्या पलीकडे, जिथं माणसं अर्धं वाक्य मराठीत सुरू करून कानडीत संपवतात, तिथं तिचं घर, तिच्या शेळ्या आणि तिचा दरारा. तिला हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. ताईच्या लग्नाच्या फोटोत ती अशी उभी आहे, की फोटोग्राफरनंच तिची शेळी चोरली असावी. दाजींनी तिच्याजवळ विषय काढला तेव्हा तिनं एवढंच सांगून पाठवलं, "पैला नातू हाय माजा. बारशाला घिऊन या. काय त्ये तितं सांगते."

म्हणजे बारशापर्यंत ताईचा जीव टांगणीला. ती बाळाला मांडीवर जोजवताना अंगाईच्या चालीवर हाडांची नावं म्हणायची, विसरायला नकोत म्हणून. बाळ मात्र त्या नावांवर छान झोपायचं. एकदा बाळाकडे बघता बघता ती आईला म्हणाली, "आई, त्या न्हाय म्हणाल्या तर मी काय करू गं?" आणि रडायला लागली. आईनं तिच्या मांडीवरचं बाळ उचलून घेतलं. उत्तर सुचलं ते आत्याला.

"त्या बाईला तोंडानं समजावून उपेग न्हाय," आत्या म्हणाली. "बाळंतविड्यात अशी गोधडी घालू, की ती बघूनच 'न्हाय' म्हनायचं इसरली पायजे. पोटाची गोधडी! हत्ती, पोपट, मासा, ससा. समदे फुगलेले."

आणि मग जे सुरू झालं त्याला आमच्या बोळानं नाव ठेवलं 'सर्कस'. वरचं कापड नव्या पेठेतून आणायचं होतं. घट्ट विणीचं, पांढरं, पण बाळाला टोचणार नाही असं. आई आणि आत्या एकेका दुकानात कापड गालाला लावून बघायच्या, आणि दुकानदार मला विचारायचे, "ह्यांना कापड पायजे का उशी?" खालचं कापड मात्र विरळ लागतं. तिथंच सगळं गुपित आहे. ते शेजारच्या तेलुगू नरसम्माच्या नवऱ्यानं आपल्या मागावर उरल्यासुरल्या सुतातून विणून दिलं, आणि नरसम्मा त्या निमित्तानं आमच्याकडे मुक्कामालाच आल्यासारखी झाली. चित्रं काढायचं काम माझ्याकडे होतं. मी शिंप्याच्या खडूनं पहिला हत्ती काढला तेव्हा आत्यानं मान तिरकी करून बघितलं. म्हणाली, "सोंड वाढव गं शकू. न्हायतर इहीणबाई इचारतील, डुकराच्या नाकाला काय झालं म्हनून." नरसम्मा एवढी हसली की तिला ठसका लागला आणि चहा माशावर सांडला. मासा परत काढावा लागला.

दोन्ही कापडं एकावर एक ठेवून चित्राच्या रेषेवरून बारीक धावदोरा घालायचा, तांदळाच्या दाण्याएवढा टाका, त्याहून मोठा दिसला की आत्या उसवायला लावायची. मग सगळं उलटं करायचं. मागच्या विरळ कापडाचे धागे दाभणाच्या टोकानं हळूच बाजूला सारायचे, कापायचे नाहीत, नुसते सारायचे, जेमतेम बोटाचं टोक जाईल एवढं भोक करायचं, आणि त्यातून कापसाच्या पिंजलेल्या बारीक वाती विणायच्या सुईच्या बोथट टोकानं आत ढकलत राहायच्या. आधी कडेला, मग मध्ये. कमी भरलं तर हत्ती आजारी दिसतो. जास्त भरलं तर भोवतीचं कापड ओढलं जातं आणि गोधडी अंथरल्यावर सपाट बसत नाही. भरून झालं की नखानं धागे परत जागेवर आणायचे, म्हणजे भोक मिटतं. पोपटाच्या शेपटीसाठी दोन समांतर टाक्यांच्या मधून जाड सूत ओवायचं. शेवटी चित्रांच्या भोवतीची सगळी मोकळी जागा दाट टाक्यांनी भरून काढायची, म्हणजे जमीन दबते आणि प्राणी वर येतात. हे शेवटचं काम कंटाळवाणं. आम्ही सगळ्या जणी कोपरे धरून बसायचो, बाळ मध्ये पालथं, आणि ताई टाके घालताना म्हणायची, "शकू, विचार मला काहीतरी." मी पुस्तक उघडून तापाची लक्षणं विचारायची. नरसम्मा प्रत्येक लक्षण ऐकून सांगायची, हे मला आहे.

आणि मग पोटाचं भांडण. आमच्याकडे रीत अशी, की गोधडीची शेवटची कड मिटवताना कोपऱ्यात चिमूटभर धान्य घालायचं. गोधडी उपाशी ठेवायची नाही. उपाशी गोधडी पांघरली तर लेकरू किरकिर करतं, अंगाला लागत नाही, असं सगळ्या बायका मानायच्या. साध्या गोधडीला एक पोट, म्हणून एक चिमूट. पण आत्याचा मुद्दा असा, की हिला चार पोटं आहेत, आणि ज्याला त्याला ज्याचं त्याचं मिळालं पाहिजे. दादा कारखान्यातून येऊन हातपाय धूत होते. ते तसेच ओल्या तोंडानं आत आले.

"अक्का, गोधडीत दाना घालायचा न्हाय," ते म्हणाले. "एक तर ही अंधश्रद्धा. दुसरं म्हंजे उंदीर. लेकराच्या अंथरुणात उंदीर आला तर इहीणबाईंना काय सांगू?"

"आन हत्ती उपाशी ठिवू?"

"हत्ती कापडाचा हाय!"

"मग त्येला कापूस तरी कशाला? ऱ्हाऊ दे की चपटा."

दादांचा नियम पक्का. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कपाटात पुस्तकं, घरात उपास नाही, नवस नाही, मांजर आडवं गेलं तर त्याला दूध द्यायचं. आत्या मागे हटेना तेव्हा त्यांनी तिच्याकडून शब्द घेतला. "हत्तीच्या पोटात दाना घालनार न्हाय, म्हन." आत्यानं तोंड फुगवलं, पण म्हटलं. मी त्या वेळी सतरा-अठरा वर्षांची असेन, आणि दोन मोठी माणसं कापडाच्या हत्तीच्या जेवणावरून एकमेकांशी दोन दिवस अबोला धरतात हे बघून मी गोधडीत तोंड खुपसून हसायची. आई मला रागवायची आणि मग स्वतःच तोंडाला पदर लावून चुलीकडे जायची.

गोधडी झाली तेव्हा अख्खा बोळ बघायला आला. पण आत्याच्या मते ती अजून झालीच नव्हती. पोटाच्या गोधडीला शेवटी पाणी दाखवावं लागतं. रात्रभर भिजवली की वरचं कापड आवळतं, आतला कापूस फुलतो, खडूच्या खुणा निघून जातात आणि प्राणी खरे उभे राहतात. आम्ही ती मोठ्या घमेल्यात भिजवली आणि दुसऱ्या दिवशी छतावर वाळत टाकली. सोलापूरचं ऊन म्हणजे विचारू नका, दुपारपर्यंत कापड करकरीत झालं. आत्यानं वरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाळली." दादांनी कारखान्यातून चादरी घालायची नवी कोरी प्लॅस्टिकची पिशवी आणली होती. त्यात त्यांनी स्वतः घडी घालून गोधडी भरली, तोंडाला दोरी बांधली, आणि पिशवी चुलीच्या मागच्या कोनाड्यात उंच ठेवून दिली. इतकी काळजी त्यांनी एखाद्या मागाचीही कधी घेतली नसेल. आणि त्याच संध्याकाळी निरोप आला, की सत्यव्वाच्या भावकीत कुणी वारलंय, बारसं पुढच्या रविवारी.

आठवडाभर ती पिशवी चुलीच्या उबेला बसून राहिली.

रविवारी आम्ही सगळे एसटीत. दादा, आई, आत्या, ताई, बाळ, मी, आणि नरसम्मा, जिला कुणी बोलावलं नव्हतं आणि जिच्याशिवाय कुणाला जायचंही नव्हतं. डिंकाच्या लाडवांचा डबा माझ्या मांडीवर, पिशवी दादांच्या. अक्कलकोटच्या अलीकडे आमच्या पुढच्या बाकावरचा म्हातारा मागं वळून नाक ओढत म्हणाला, "उसळीचा डबा कुनाचा हाय? सांडला जनू." आम्ही एकमेकांकडे बघितलं. आमच्याकडे उसळ नव्हती. आत्या ठसक्यात म्हणाली, "आमी लाडू घिऊन चाल्लोय, बाबा." ताईला या कशाचं भान नव्हतं. ती बाळाची बोटं मोजत खिडकीबाहेर बघत होती.

सत्यव्वाच्या अंगणात मांडव होता. वंदना झाली, बाळाचं नाव आनंद ठेवलं, बायकांनी निम्मी मराठी आणि निम्मी कानडी अंगाई म्हटली, आणि मग बाळंतविडा उघडायला सगळ्या गोलात बसल्या. मध्ये सत्यव्वा, मांडी घालून, बाळ मांडीवर, तोंड फोटोतल्यासारखंच. झबली झाली, टोपडी झाली, वाळे झाले. ती प्रत्येक वस्तूला फक्त "हं" म्हणत होती. मग दादा उठले. हा मान त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. त्यांनी दोरी सोडली, गोधडी बाहेर ओढली, हवेत फडकन झटकली आणि सत्यव्वासमोर अंथरली.

काय दिसत होती! हत्ती तर घडी घालताना होता त्याच्याहूनही गुबगुबीत झालेला. बायका "अय्यय्यो!" करत पुढं सरकल्या, एकीनं पोपटाची शेपटी चाचपली, दुसरीनं माशाला गुदगुल्या केल्या. आत्यानं माझ्याकडे बघून भुवई उडवली. ताईच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत पहिल्यांदा रंग आला. सत्यव्वानं हत्तीच्या पोटावर तळवा ठेवला, दाबून बघितला, वास घेतला, आणि कोपरा धरून गोधडी उलटी केली.

मागच्या बाजूला पीक आलं होतं.

दुसरा शब्द नाही. विरळ कापडातून पांढरे, हिरवे, वाकडे कोंब वर आले होते. ससा, मासा, पोपट, हत्ती, प्रत्येकाच्या पोटातून. वरून वाळलेली गोधडी आतून ओलीच होती, आणि ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवल्यावर काय होतं हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. मांडवाबाहेरची शेळी तेवढी रवंथ करत राहिली. ताईनं डोळे मिटून घेतले. आणि नेमकं त्याच वेळी, काय सांगू, माझ्या घशातून हसू वर यायला लागलं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. झालं! सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं.

"मी न्हाय!" मी ओरडले. "शप्पत! मला सुचलंच नाही!"

सत्यव्वानं माशातला एक कोंब उपटला आणि डोळ्यांसमोर धरला. शेतातली बाई, तिला काय ओळखायचंय. "मटकी," ती म्हणाली. "ह्यी कुनी घातली?"

आईची मान खाली गेली. "मी. दोनच दाने," ती पुटपुटली. "लेकरू किरकिर करंल म्हनून. वन्सं घालनार न्हाईत म्हनल्या, मग म्हनलं कुनीतरी..."

"आन पोपटात ह्यो जुंधळा?"

"माजा," आत्या ताठ मानेनं म्हणाली. "मी हत्तीला दाना न घालायचा शब्द दिलता. हत्तीला हात बी लावला न्हाय. पोपटाचं कुनी काय बोललं नव्हतं."

सशात मूग होते. नरसम्मानं शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. "अम्मा, ससा लहान हाय," ती म्हणाली. "ह्यांचं भांडण, त्याला काय म्हायीत? मी टाकली."

राहिला हत्ती. त्याची तर मागची बाजू जंगल झाली होती. सत्यव्वानं एक कोंब काढला, दुसरा काढला, आणि आमच्याकडे बघितलं. "हुलगं. आन ह्येला तर कुनी मापटं वतलंय. कोन?"

आईनं आत्याकडे, आत्यानं नरसम्माकडे, तिघींनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून हलवून दमले. आणि मग मांडवाच्या खांबाजवळून खाकरल्याचा आवाज आला. दादा. त्यांचे कान लाल झाले होते.

"मोठं जनावर हाय," ते म्हणाले. "अक्कानं हात लावायचा न्हाय म्हनल्यावर... म्हनलं, समद्यांत मोठं त्येच आन त्येच एकटं उपाशी..."

"किसना!" आत्या किंचाळली. "अरं, अंधश्रद्धा कुनाची रं? आन उंदीर कुटं गेलं?"

त्यानंतर मला नीट आठवत नाही, कारण मी जमिनीवर होते. आत्या दादांना बडवत होती आणि हसत होती, नरसम्मा तेलुगूत काहीतरी ओरडत हसत होती, आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मांडवातल्या बायका एकमेकींच्या अंगावर कोसळल्या होत्या. आणि त्या सगळ्या गोंधळात एक नवाच आवाज आला, मोट ओढताना चाक कुरकुरावं तसा. दाजी दचकून मागं वळले. सत्यव्वा हसत होती! खांदे गदगदा हलत होते, तोंड उघडं, दोन दात पडलेले. "यव्वा गं," ती म्हणत होती, "यव्वा गं, हत्तीला हुलगं!" तेवढ्यात तिच्या मांडीवरच्या आनंदनं धार सोडली ती थेट गोधडीवरच्या हत्तीवर. "घ्या," सत्यव्वा म्हणाली, "पिकाला पानी बी आलं!" आणि पुन्हा सगळे पडले.

हसू ओसरायला बराच वेळ लागला. मग तिनं पदरानं डोळे पुसले, आणि चेहरा परत जागेवर आणला. "सुमन," तिनं ताईला हाक मारली, "किती ऱ्हायलंय तुजं शिक्षन?"

"एक वरीस, अत्ती." तिकडे सासूला अत्ती म्हणतात.

सत्यव्वानं नातवाकडे बघितलं. "जिथं कापडाच्या हत्तीला बी कुनी उपाशी ठिवत न्हाय," ती म्हणाली, "तितं माजं लेकरू उपाशी ऱ्हानार न्हाय. घिऊन जावा त्येला. शीक तू."

ताई तिच्या पायाशीच बसली. आत्यानं माझ्या दंडाला एवढा चिमटा काढला की निळं झालं.

"पर हत्ती हितं ऱ्हाईल," सत्यव्वा म्हणाली. "वरसानं नातू आनून द्या आन हत्ती घिऊन जावा."

अशा रीतीनं आम्ही बाळ घेऊन आणि गोधडी ठेवून परत आलो. कोंब तिनं शेळ्यांना घातले असं नंतर कळलं, आणि गोधडी या खेपेला चांगली आठ दिवस वाळवली. ते वर्ष आमच्या घरात आनंदचं वर्ष. तो खडखडाटात झोपायला शिकला, शेंगाची चटणी चाखून रडायला शिकला, दादांच्या पाठीवर बसून हत्ती-हत्ती खेळायला शिकला. ताई सुट्टीला यायची तेव्हा पांढऱ्या साडीतच बाळावर झडप घालायची. सत्यव्वा एकदाही आली नाही. आली असती तर परत जाववलं नसतं, हे मला आज आजी झाल्यावर कळतं. तेव्हा वाटलं, शेळ्या सोडून बाई कुठली यायला?

ताई पास झाली. सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात तिला घ्यायला तयार होते, आमच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्यावर. ते मनात ठरवूनच ती आनंदला घेऊन सासरी निघाली, आणि आम्ही सगळे तिच्याबरोबर. सत्यव्वा एसटीच्या थांब्यावर येऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं दोन्ही हात पुढं केले. आनंदनं तिला बघितलं, ओठ काढला आणि आईच्या मानेत तोंड लपवलं. तिनं हात खाली घेतले आणि म्हणाली, "चला, ऊन लई हाय."

घरात चहा झाला. आत्याला राहवेना. करार तो करार. "हत्ती आना की," ती म्हणाली, "बगू, कसा हाय."

सत्यव्वा उठेना. "हाय बरा. ऱ्हाऊ दे," म्हणाली. आत्यानं पुन्हा विचारलं तेव्हा ती आत गेली आणि गोधडी घेऊन आली. पेटीतून नाही, तिच्या अंथरुणातून. पोपट होता तसा फुगलेला. मासा, ससा, सगळे होते तसे. हत्ती मात्र चपटा झाला होता. पोटाच्या मधोमध खळगा पडलेला, कापूस पार कडेला सरकलेला.

"अगं बया, ह्येला काय झालं?" आत्या म्हणाली.

सत्यव्वा गोधडीवरून हात फिरवत राहिली. कुणाकडे न बघता म्हणाली, "रोज त्येच्यावर गाल ठिवून निजत हुते. लेकरानं मुतलं हुतं न्हवं तितं. मी धुतली न्हाय."

ताईनं चहाचा कप खाली ठेवला. तिनं आनंदला गळ्यातून सोडवलं, तो रडत होता तरी सोडवलं, आणि गोधडीवर, सत्यव्वाच्या अगदी पुढ्यात बसवलं. "अत्ती," ती म्हणाली, "मी अक्कलकोटच्या दवाखान्यातच नोकरी बघते. इथनं येऊन-जाऊन करीन. ह्याला दिवसभर तुम्ही सांभाळायचं."

आनंद रडायचा थांबला होता. त्याला पोपटाची शेपटी सापडली होती, आणि ती उपटता उपटता तो कलंडून सत्यव्वाच्या मांडीवर पडला. तिनं त्याला दोन्ही हातांनी असा आवळला की तो किंचाळला, आणि पायानं गोधडी आत्याकडे सारली.

"घिऊन जावा तुमचा हत्ती," ती म्हणाली. "मला आता काय करायचाय."